प्लस लावू की सम? शीटमध्ये बेरीज करताना काय निवडायचं

एक्सेल असो नाहीतर गूगल शीट्स, बेरीज करायची म्हटली की एकतर =बी२+बी३+बी४ असं प्लस लावत जायचं किंवा =सम(बी२:बी४), म्हणजे शीटमधलं SUM हे बेरजेचं फंक्शन, लिहून मोकळं व्हायचं. साध्या आकड्यांना दोन्हीकडे उत्तर सारखंच येतं म्हणून बरेच जण हाताला येईल ते वापरतात, पण शीट वाढायला लागली की फरक पडतो आणि चांगलाच पडतो.

पहिलं म्हणजे ओळी. मधे नवीन रो घातली तर समची रेंज आपोआप वाढते, प्लसवाल्या फॉर्म्युल्यात मात्र ती नवीन सेल येतच नाही आणि एररही दिसत नाही, टोटल गुपचूप कमी राहते. उलट एखादी रो डिलीट केली तर प्लस लगेच रेफ एरर (#REF!, म्हणजे फॉर्म्युल्यातली सेलच सापडत नाही) देतो, सम रेंज आक्रसून पुढे चालू. त्यामुळे लांब कॉलम असेल तर माझं मत सरळ आहे, समच वापरा, एक्सेलमध्ये तर आल्ट दाबून बरोबरचं चिन्ह दाबलं की ऑटोसम तयार.

पण सम सगळीकडे भारी असं अजिबात नाही. सेलमध्ये "येणे बाकी" असं काही लिहिलेलं असेल तर प्लस व्हॅल्यू एरर (#VALUE!, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काही) देऊन अडतो आणि सम ते सोडून देऊन बाकीच्यांची बेरीज करतो. आता तुम्हाला तीनच आकडे हवेत आणि तिन्ही भरलेले असायलाच हवेत, तर हे अडणंच चांगलं ना, निदान कळतं तरी की काहीतरी राहिलंय (सेल अगदी रिकामी असेल तर मात्र प्लसही शून्य धरतो, तिथे तो वाचवत नाही).

खरी गोची टेक्स्ट म्हणून बसलेल्या आकड्यांची. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून डेटा कॉपी केला की ५०० दिसतं ५००च पण असतं टेक्स्ट, प्लस त्याला आकडा समजून मिळवतो, सम चक्क वगळतो, म्हणजे एकाच डेटाच्या दोन वेगळ्या टोटल. अलाइनमेंट बदललेली नसेल तर खरे आकडे सेलमध्ये उजवीकडे चिकटतात आणि टेक्स्ट डावीकडे, तेवढं एकदा नजरेखालून घाला आणि आधी ते नंबरमध्ये बदला, मग सम लावा.

नावं जोडायला प्लस चालत नाही, आडनाव आणि नाव एकत्र करायचं तर अँड चिन्ह, म्हणजे &.

फोन नंबरचं वेगळं प्रकरण आहे. पुढे प्लस आणि कंट्री कोड टाकला की एक्सेल त्याला आकडाच समजतं, प्लस गायब होतो, आणि १२ अंकी नंबर असेल तर १.२३ई+११ असलं काहीतरी दिसायला लागतं. त्या प्लसचा बेरजेशी काही संबंध नाही, १.२३ ला १० च्या ११ व्या घाताने गुणा एवढंच ते सांगतंय. सेलच्या सुरुवातीला ' टाका किंवा कॉलमचा फॉरमॅट आधीच टेक्स्ट करून मग नंबर भरा, प्लस जागच्या जागी राहील.

आणि दोन्हीतलं एकच निवडा असं कुणी सांगितलेलं नाही, कॉलमची टोटल आणि वर एखादा सुटा आकडा असेल तर =सम(बी२:बी४०)+डी१ मस्त चालतं, मी तर असंच लिहिते.