तरंगलांबीचे ॲप: ६४८ लिहिले आणि उत्तर आले ४६ सेंटिमीटर

इंदूरच्या रामबागेतील आमच्या गच्चीवर एफएमसाठी डायपोल अँटेना, म्हणजे एका रेषेतल्या दोन सारख्या नळ्यांचा, एकूण अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना, उभारायचा होता. त्या निमित्ताने वारंवारतेवरून तरंगलांबी काढून देणारे एक मोफत मोबाइल ॲप मी तीन आठवडे वापरले. गणित मुळात सोपे आहे. प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटरला, वारंवारतेने भागायचे. वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये असेल तर ३०० ला भागूनही काम भागते.

पहिल्या चाचणीसाठी आकाशवाणीच्या इंदूर केंद्राची मध्यमलहर, ६४८ किलोहर्ट्झ, घेतली आणि उत्तर आले ०.४६ मीटर. घोटाळा एककाचा होता. ॲप उघडले की दर वेळी आपोआप मेगाहर्ट्झवर जाते आणि आदल्या दिवशी निवडलेले किलोहर्ट्झ विसरते. एकक बदलताच ४६२.६४ मीटर हे बरोबर उत्तर मिळाले. मध्यमलहरीच्या प्रक्षेपणाचे उंच मनोरे ज्याने पाहिले आहेत त्याला ४६ सेंटिमीटर लगेच खटकेल. गृहपाठ करणाऱ्या मुलाला ते खटकणार नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

९८.३ मेगाहर्ट्झसाठी ३.०५ मीटर तरंगलांबी आणि १५२.५ सेंटिमीटर अर्धतरंग हे आकडे बिनचूक आले. त्यानुसार महाराणी रोडवरून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीचे ७६-७६ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापले. प्रत्यक्षात मात्र टोकांच्या परिणामामुळे डायपोल सुमारे पाच टक्के आखूड, म्हणजे एकेक बाजू साधारण ७२ सेंटिमीटरची ठेवावी लागते, आणि याची सूचना ॲपमध्ये कुठेही नाही. नशीब एवढेच की चूक लांबीकडे झाली होती, त्यामुळे करवत पुन्हा चालवून भागले. खरे सांगायचे तर नुसते ऐकण्यात काही फरक जाणवला नाही. परवाना घेऊन प्रक्षेपण करणाऱ्या हौशी मंडळींना मात्र एवढी तफावत चालणार नाही.

केबलसाठी वेगगुणांक, म्हणजे केबलमधून लहरी प्रकाशाच्या वेगाच्या किती पट वेगाने जातात तो आकडा, भरण्याचा रकाना मला फार आवडला. घन पॉलिएथिलिनच्या कोॲक्स केबलसाठी तेथे ०.६६ भरले की ७६ सेंटिमीटरचा पाव तरंग ५० सेंटिमीटरवर येतो. कागदावर हिशेब करताना मी हा गुणाकार हमखास विसरतो.

उलट हिशेबाची, म्हणजे तरंगलांबीवरून वारंवारता काढण्याची, सोय दिलेली नाही. तरी तिच्यावाचून अडत नाही. वडिलांच्या जुन्या मर्फी रेडिओच्या काचेवर ४९, ४१, ३१, २५ असे मीटरपट्टे, म्हणजे मीटरमधल्या तरंगलांबीवरून ओळखले जाणारे लघुलहरींचे पट्टे, छापलेले आहेत. त्यांतला ३१ हा आकडा मी मेगाहर्ट्झ समजून वारंवारतेच्या रकान्यात लिहिला आणि उत्तर आले ९.६७. भागाकार दोन्हीकडून तोच असल्यामुळे फक्त ‘मीटर’च्या जागी ‘मेगाहर्ट्झ’ वाचायचे. पाचपैकी तीन तारे. एकक लक्षात ठेवण्याची सुधारणा झाली तर चौथाही देईन.