बॅकअप सारखा फेल होतोय? केबल नका बदलू, आधी ड्राइव्ह खरी आहे का बघा

गोव्यात म्हापशातल्या एका दुकानदारानं मला एक्स्टर्नल ड्राइव्ह विकली आणि नंतर तीच "ठीक करून देतो" म्हणत एकूण १०,७०० रुपयांना बुडवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार घातलीय आणि वकिलानं गप्प राहायला सांगितलंय. पण चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आलीय, ऑफरचे बोर्ड परत लागतील, म्हणून लिहितोय.

माझा धंदा व्हिडिओ शूटिंगचा, डिचोली-पेडण्याच्या बाजूला. लग्नं, मुंजी, आणि तुळशीचं लग्न झालं की जत्रांची नाटकं. रात्रभर चालणारं नाटक दोन कॅमेऱ्यांवर घेतलं की दीडशे जीबी कुठंच गेलं नाही, त्यामुळं मोठी ड्राइव्ह लागतेच. गेल्या चवथीच्या ऑफरमध्ये ८ टीबीची, म्हणजे आठ हजार जीबीची, पोर्टेबल एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) ५,८०० ला मिळाली. आता कोणीतरी म्हणणारच की एवढ्या स्वस्तात मिळते का रे. अरे, चवथीला फ्रिजवर, टीव्हीवर अर्धी किंमत कमी करतात ते चालतं ना तुम्हाला? आणि मी बघितलं नाही असं नाही, लॅपटॉपला लावून बघितलं, ७.२७ टीबी दाखवत होतं, आणि विंडोजमध्ये ८ टीबी तेवढीच दिसते हे मला माहीत आहे. बरोब्बर तोच आकडा! म्हणजे चोरानं हिशोबसुद्धा नीट केलेला.

मग जत्रा सुरू झाल्या आणि बॅकअप फेल व्हायला लागला. कॉपी पूर्ण व्हायची, मग बॅकअपचं सॉफ्टवेअर परत वाचून तपासायला लागलं की व्हेरिफिकेशन फेल्ड. दुकानदाराकडं गेलो तर म्हणाला केबल खराब, ६५० ची केबल घातली गळ्यात. परत फेल. मग म्हणे तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट करंट कमी देतो, पॉवरवाला हब लागणार, १,८५० रुपये. ह्या दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत हीच तर मेख आहे, खराब केबलनं आणि कमी पॉवरनं बॅकअप खरंच तुटतो, कोणत्याही टेक्निशियनला विचारा तो पहिल्यांदा हेच सांगेल. म्हणून पटलं.

पण लॉग फाइल, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः ठेवतं ती नोंदवही, माझ्या डोळ्यांसमोर उघडी होती हो! सुरुवातीचे साठेक जीबी सगळं ओके ओके ओके, आणि तिथून पुढं एकजात सगळं मिसमॅच, कॉपी मूळ फाइलशी जुळतच नाही. घरच्या फोटोंचा वीस जीबीचा बॅकअप दर वेळी पास, नाटकाचा दर वेळी नापास. केबल खराब असती तर एरर कुठंही आली असती, आज इथं उद्या तिथं. ठरलेल्या जागेवरच गाडी अडते म्हणजे पुढं रस्ताच नाही. तो लॉग मी त्याला दाखवला, त्यानंही बघितला, त्याला नक्कीच कळलं असणार, आणि तो म्हणतो काय, तुमचं फुकटचं सॉफ्टवेअर बरोबर नाही, लायसनवालं घालून देतो. २,४००.

ते घातलं आणि सेटिंगमध्ये जाऊन "व्हेरिफाय"च्या पुढचा टिक काढून टाकला. माझ्यासमोर. मी विचारलं हे का काढलं, तर हसत "पात्रांव, ताका वेळ वता, कांय जावचें ना" (साहेब, त्याला वेळ जातो, काही होणार नाही). आणि खरंच, बॅकअप कम्प्लीट, हिरवा टिक! एरर जायला २,४०० रुपये दिले आणि एरर गेली, बिघाड तसाच. व्हेरिफाय कधी, कधीच, कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. वेळ लागू दे.

पावसाच्या आधीच्या गडगडाटात लॅपटॉपची डिस्क गेली. टेन्शन नव्हतं, बॅकअप होता ना. ड्राइव्ह लावली, फोल्डर दिसतात, फाइलींची नावं दिसतात, साइजसुद्धा बरोबर, आणि एकही व्हिडिओ उघडत नाही. साखळी गावातल्या लग्नाचे १८,००० परत द्यावे लागले, वर त्यांचं बोलणं खाल्लं. नाटकवाल्यांना तोंड कसं दाखवायचं ते अजून ठरवलेलं नाही.

शेवटी एका मित्रानं सुरीनं ती डबी फोडली. आत फक्त नखाएवढं मेमरी कार्ड, ६४ जीबीचं, एका हिरव्या पट्टीवर गरम गोंदानं चिकटवलेलं, आणि हाताला वजन लागावं म्हणून पत्र्याचा तुकडा. त्या पट्टीवरचा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) कॉम्प्युटरला सांगतो मी आठ टीबी, जागा भरली तरी "आलं, आलं" म्हणत राहतो आणि पुढचं सगळं हवेत सोडतो.

नवीन ड्राइव्ह आणली की डेटा घालायच्या आधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हे सॉफ्टवेअर चालवा, फुकट आहे, पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं, मोठ्या ड्राइव्हला रात्र काय दिवसही जाईल, जाऊ दे. लिनक्स किंवा मॅकवाल्यांना एफथ्री (F3). घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह (ValiDrive), ते जागोजागी ठोकून बघतं. आणि खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी नसेल तर तिथंच ठेवून या.

आता आपले साहेब लोक. पोलिसांकडं गेलो तर म्हणे कॉम्प्युटरचं आहे, सायबरला जा. सायबरवाले म्हणे पैसे दुकानात हातात दिले, ह्यात सायबर काय, ग्राहकवाल्यांकडं जा. तिकडच्या टेबलावरची बाई बिल बघून म्हणाली ह्यात नुसतं "यूएसबी ड्राइव्ह" लिहिलंय, ८ टीबी कुठंय? (कच्चं बिल, जीएसटी नंबर नाही. बिलावर कपॅसिटी लिहून घ्या, भांडून घ्या.) वर म्हणते तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाहीच. मी एकटा माणूस कॅमेरा खांद्यावर मारून पोट भरतो, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाचीच धरलीय, हे मी तिला सांगायचं? पगार कोणाला मिळतो? आणि सगळ्यात वरताण म्हणजे सगळे पुरावे पेनड्राइव्हमध्ये घालून आणा. पेनड्राइव्हमध्ये!

"विकलेला माल परत घेणार नाही" असा बोर्ड दाखवून दुकानदार हाकलतो ना, त्याला घाबरू नका, खराब माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांच्या आत, परत घ्यायला नकार देणं ही कायद्यात अनुचित प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार घालावी लागते. आधी १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून नोंद करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, आणि लगेच, जेवूनबिवून नाही.

तो अजून दुकान उघडून बसलाय, आता काचेत १६ टीबीवाली लावलीय. गेल्या चवथीला म्हापशातून कोणी काळ्या डबीतली ८ टीबी एसएसडी घेतली असेल तर ती आज टेस्ट करा आणि बिल फेकू नका, मला मेसेज टाका. एकच तक्रार सगळ्यांची मिळून घालता येते असं वकील म्हणतोय.