पोर्तुगीज काळातली गाडी

माझं फोंड्यात हार्डवेअरचं दुकान आहे. मोजायच्या टेपा मी विकतो, लोहचुंबकही विकतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी हकीकत ऐकून प्रत्येक जण हसण्याआधी हेच बोलून दाखवतो.

गेल्या वर्षी चवथ आटोपली आणि दुकानात जरा सामसूम होती, तेव्हा मोबाईलवर ती जाहिरात दिसली. ‘ट्रायम्फ स्पिटफायर, पोर्तुगीज टाइम, एकाच कुटुंबाकडे, रिस्टोरेशनसाठी उत्तम.’ लाल रंग उडून विटकरी झालेली, उघड्या टपाची इंग्लिश दोनसीटर गाडी. मागे बाल्कांव, म्हणजे गोव्याच्या जुन्या घरापुढची बसायची ओटी, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी, त्यातलं एक तावदान फुटलेलं आणि तिथे पुठ्ठा लावलेला. गाडीपेक्षा मी त्या खिडकीकडेच जास्त वेळ बघत बसलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

१९६१च्या आधी गोव्यात परदेशी माल सहज उतरायचा, गाड्यासुद्धा. इथल्या एखाद्या जुन्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली युरोपातली गाडी सापडावी, यात कोणाला नवल वाटत नाही. आणि माझं एक दुखणं जुनं. लहानपणी आमच्या गावात डॉक्टर यायचे ते स्टँडर्ड हेराल्डमधून, त्या काळची आपल्याकडे बनणारी छोटी गाडी. त्या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढच्या बाजूला कलंडायचं, मगर जबडा उघडते तसं. डॉक्टर आत घरात आणि आम्ही पोरं बाहेर, ड्रायव्हर कधी ते बॉनेट उघडतो याची वाट बघत.

सासष्टीतल्या एका गावात ते घर. विक्रेता पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ. गाडी बायकोच्या आजोबांची, ते ९४ साली गेले, आता कोणाला वेळ नाही, योग्य माणसाच्या हातात जावी एवढीच इच्छा. ‘पैशांचं काय भाऊ, पैसे येतात जातात.’ बाल्कांवात बसवून त्यानं चहा दिला, थर्मासमधून, कागदी कपात. स्वतःच्या घरात माणूस पाहुण्याला थर्मासमधला चहा का देईल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला तो साधेपणा वाटला.

मग त्यानं बॉनेट उघडलं. अख्खं, मडगार्डांसकट, पुढे. खरं तर त्याच क्षणी मला कळायला हवं होतं की ही कुठली गाडी आहे. उलट मला वाटलं, आपली आणि हिची गाठ लहानपणीच पडलेली आहे.

तो सरसकट खोटं बोलत नव्हता, म्हणूनच मी फसलो. आरसीच्या झेरॉक्सवर मेक ‘स्टँडर्ड’ लिहिलेलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, ‘ट्रायम्फ स्टँडर्डचीच कंपनी भाऊ, इंटरनेटवर बघा.’ बघितलं. खरं निघालं. इंग्लंडच्या स्टँडर्ड कंपनीनं ट्रायम्फ विकत घेतली होती. मी विचारलं, बॉनेट हेराल्डसारखं कसं? म्हणाला, दोन्ही गाड्या एकाच माणसानं डिझाइन केल्या, इटलीचा मिकेलॉटी. तेही खरं. स्पिटफायरची सांगाडा-पद्धत हेराल्डवरूनच घेतलेली आहे, हेही त्यानं आपण होऊन सांगितलं. असा अभ्यासू माणूस बाकीचंही खरंच सांगत असणार, असं मी धरून चाललो. समुद्रकाठच्या हवेत इतकी वर्षं राहून पत्रा कसा गंजला नाही, हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘ॲल्युमिनियम बॉडी.’ हे मात्र मी इंटरनेटवर बघितलं नाही. स्पिटफायरची बॉडी पोलादी पत्र्याची असते.

गाडी कधी आणली? ‘१९६०मध्ये, मुरगाव बंदरात उतरली.’ आणि आरसीवर १९६६ का? ‘मुक्तीनंतर सगळी नोंदणी नव्यानं झाली ना, उशीर झाला.’ मी मान हलवली. स्पिटफायर पहिल्यांदा लोकांसमोर आली ऑक्टोबर १९६२मध्ये, लंडनच्या मोटार शोमध्ये. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. म्हणजे पोर्तुगीज काळात ही गाडी गोव्यातच काय, जगात कुठेच विकत मिळत नव्हती. दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवायला दोन मिनिटं लागली असती. १९ डिसेंबर तर इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतो.

घरी आलो आणि बिलबुकाच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. टिंकरिंग इतकं, पेंटिंग इतकं, इंजिन, सीटा, वायरिंग, हूड म्हणजे वरचा कापडी टप. तयार गाडीला पंधरा लाख कुठे गेले नाहीत, असं तो म्हणाला होता, तो आकडा मी खाली आधीच लिहून ठेवला आणि वरचे आकडे त्यात बसवत गेलो. बायकोनं पान बघितलं आणि एवढंच म्हणाली, ‘आधी ॲक्टिव्हाचा ब्रेक करून घ्या.’ तिला मी बॉनेटबद्दल सांगितलं. तिनं पान परत दिलं.

मेस्ताला, म्हणजे गाड्यांच्या मेकॅनिकला, घेऊन जाऊन मग काय ते ठरवायचं, असं माझं चाललं होतं. आमचा मेस्त मूळचा कुडाळचा, चाळीस वर्षं गोव्यात जुन्या फियाटी आणि ॲम्बॅसेडर हाताळलेला. पण त्याच्याकडे लग्नकार्य होतं, तो म्हणाला आठ दिवस थांबा. विक्रेत्याचा फोन आला की रविवारी पुण्याचं गिऱ्हाईक येतंय. मी शनिवारी ५०,००० टोकन दिलं, पुढच्या आठवड्यात २,७०,००० बँकेतून. वर ६५,००० रोख, कारण मूळचा गिअरबॉक्स, हूडची फ्रेम आणि स्टीलच्या बंपरांची पेटी बेळगावला एका नातेवाइकाकडे होती आणि ती सोडवून आणायची होती. ती पेटी आजवर आलेली नाही. होती की नाही, देव जाणे.

टेम्पोतून गाडी दुकानाच्या मागे उतरली, त्या संध्याकाळी मेस्त आला. आधी काहीच बोलला नाही. बोटाच्या पेरानं दारावर टकटक केली, मग मडगार्डावर, मग बॉनेटवर. आवाज सगळीकडे सारखाच, नारळाच्या करवंटीवर वाजवावा तसा. मग म्हणाला, ‘भाऊ, लोहचुंबक दे बघू एक.’ मी दुकानातून आणून दिला. कुठेच चिकटला नाही. ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, असं मी म्हणालो, शेवटची आशा. त्यानं बॉनेटखाली हात घालून आतला काळा रंग नखानं खरवडला. खालून काचेच्या धाग्यांची मॅट दिसली, पिवळट, होड्यांना लावतात तीच. हल्ली होड्या बऱ्याचशा फायबरच्या, आणि इथल्या नदीकाठी ते काम येणारे हात पुष्कळ. काम वाईट नव्हतं, हे मेस्तानंच सांगितलं. ‘होडी म्हणून चांगली आहे.’

मग टेप. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. स्पिटफायरचं हे अंतर ८३ इंच असतं. आमचं भरलं साडेएक्याण्णव, बरोबर हेराल्डएवढं. इंजिन हेराल्डचं ९४८ सीसीचं. पहिल्या स्पिटफायरला ११४७ सीसीचं असतं. चेसिस नंबरची पट्टी होती, त्यावर नंबर ‘एफसी’नं सुरू होत होता, स्पिटफायरचा असतो तसाच, पण पट्टी होती कोऱ्या ॲल्युमिनियमची आणि ठोकलेली होती पॉप रिव्हेटनं. ते रिव्हेट मी ओळखले. चार मिलिमीटरचे, डब्यात पाचशे येतात. माझ्याकडे असतात.

खालून सांगाड्याचे बाजूचे आडवे दांडे हातानं तुटत होते. मेस्त उठून हात पुसत म्हणाला, ‘ही गाडी नव्हे रे. ही दोघांची सोयरीक, आणि दोघेही आजारी.’

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या एजंटाकडे गेलो. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, २०२१पासून त्याचे केंद्राचे नियम आहेत, नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत. मी तेवढ्या भरवशावर होतो. एजंट म्हणाला, त्या नियमात चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. आरसीवरची गाडी सलून, म्हणजे बंद टपाची, आहे, उभी आहे ती टप नसलेली दोनसीटर, आणि बदलाची नोंद कुठेच नाही. मग त्यानं गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० हातात घेतले. दोन्ही सही करून मिळाले होते, तारीख कोरी. त्यानं सहीचं नाव वाचलं, आरसी बघितली, परत सही बघितली. ‘हे मालक कधी वारले म्हणालात?’ ९४ साली. फॉर्मचा कागद मागच्या वर्षी दुकानातून प्रिंट काढलेला. मालक वारला असेल तर आधी वारसांनी फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते, मग विकायची. गोव्यात वारस म्हणजे किती जण, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

घराचं तर आणखीच. मालक लिस्बनला असतात. विक्रेत्याकडे नारळ पाडायला येणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम आणि पुढच्या कुंपणाची किल्ली. घराची नव्हे. म्हणून थर्मास.

मी तक्रार द्यायला गेलो, तेव्हा सोबत करारपत्र नेलं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचं, त्यानंच टाइप करून आणलेलं. ते मी पहिल्यांदा नीट वाचलं ते पोलिसांच्या टेबलापाशी. त्यात ‘ट्रायम्फ’ हा शब्द नाही. ‘स्पिटफायर’ नाही. साल नाही, चेसिस नंबर नाही. आहे ते असं: ‘स्टँडर्ड मेकची जुनी दोनसीटर गाडी, आहे त्या स्थितीत, खरेदीदारानं स्वतः पाहून व खात्री करून घेतली.’ तोंडानं तो वाटेल ते बोलला, कागदावर एक शब्द खोटा नाही. टेबलापलीकडच्या माणसानं वाचून कागद परत सरकवला आणि हा दिवाणी मामला दिसतो म्हणाला. वकील म्हणतात, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लावता येईल, पण केस उभी राहिली तर मेलेल्या माणसाच्या सहीवर राहील. सध्या अर्ज पडून आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी काढून ठेवला नव्हता, आणि ती दुसऱ्याच दिवशी उडाली होती. स्पिटफायर, १९६० हे शब्द त्यानं व्हॉट्सॲपवर एकदाही लिहिलेले नाहीत. मी लिहून विचारलं की तो फोन करायचा. मला ती आपुलकी वाटली.

तो पळालेला नाही. फोन उचलतो, ‘बोला भाऊ’ म्हणतो, पेटीबद्दल विचारलं तर बेळगावचा पाऊस सांगतो. दिवाळीला शुभेच्छा आल्या.

गाडी दुकानामागे ताडपत्रीखाली आहे. मांजरीनं सीटवर तीन पिल्लं घातली. मेस्ताच्या ओळखीत सावंतवाडीला एकाकडे खरी हेराल्ड आहे, त्याला इंजिन हवंय, १८,००० देतो म्हणतो. देऊन टाकीन.

हे लिहायला बसलो ते गेल्या मंगळवारच्या जाहिरातीमुळे. हिरवी दोनसीटर. मागे तेच बाल्कांव, तीच खिडकी, पुठ्ठा अजून तिथेच, पावसानं जरा फुगलेला. या वेळी स्क्रीनशॉट काढला आणि वकिलांना पाठवला. लिहिलंय, ‘एमजीए, १९५८, पोर्तुगीज टाइम.’ त्यानं तारखा सुधारल्यात; एमजीए १९५५ ते १९६२ बनत होती, त्यामुळे साल जुळतं. तिच्या चाकांमधलं अंतर मात्र ९४ इंच भरायला हवं.