इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नाही : सेटिंग बदलावं, जनरेटर बदलावा की वेगळा चार्जर लावावा?

जनरेटर सुरू आहे, त्यावर थेट लावलेले दिवे-पंखे नीट चालतात, पण ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर-चार्जर (सौर पॅनेल आणि बॅटरीवर घर चालवणारा, बाहेरची वीज मिळाली की बॅटरी भरणारा) त्याची वीज घ्यायलाच तयार नाही. कधी तो नुसता थांबून राहतो. कधी त्याच्या आतला रिले (आपोआप चालणारा स्विच) टक्कन बसतो, चार्जिंग सुरू होताच इंजिनाचा आवाज दबतो आणि दोन-चार सेकंदांत रिले सुटतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ढगाळ दिवस लांबलेले असतात, बॅटरी तळाला गेलेली असते, आणि अशा वेळी बहुतेकांचं मन नव्या जनरेटरकडे धावतं. माझ्या मते तो सगळ्यात शेवटचा उपाय आहे. त्याआधी दोन स्वस्त वाटा आहेत, आणि त्यांपैकी कोणती तुमची, हे एका मोजमापातून बऱ्यापैकी कळतं.

इन्व्हर्टर बाजूला काढा आणि जनरेटरवर फक्त हीटर किंवा इस्त्री लावा. हर्ट्झ दाखवणाऱ्या ट्रू आरएमएस (वेडीवाकडी लहरही अचूक मोजणाऱ्या) मल्टिमीटरने आधी रिकाम्या जनरेटरचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघा, मग लोड टाकून बघा. ५० हर्ट्झच्या छोट्या, दोन पोलच्या जनरेटरचं इंजिन ३००० आरपीएमला फिरतं (६० हर्ट्झसाठी ३६००). यांत्रिक गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) असेल तर रिकामा असताना ५२ च्या आसपास आणि पूर्ण लोडवर ५० च्या जवळ, एवढा फरक स्वाभाविक आहे. हीटरवर आकडे स्थिर राहिले आणि इन्व्हर्टर लावल्यावरच गडबड झाली, तर सेटिंगकडे वळा. हीटरवरच फ्रिक्वेन्सी ४७-४८ पर्यंत घसरली किंवा व्होल्टेज हेलकावे खाऊ लागलं, तर इन्व्हर्टरची बटणं दाबून काही होणार नाही.

मोजमाप इन्व्हर्टरच्या टर्मिनलपाशीही घ्या. आवाज नको म्हणून जनरेटर लांब ठेवलेला असतो आणि केबल बारीक असते. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या ५० मीटर केबलमधून २० अँपिअर गेले की जाऊन-येऊन साधारण १४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ६ चौरस मिमी घेतली तर ही घट सहाच्या आत येते.

पहिली वाट : सेटिंग

खर्च शून्य, म्हणून सुरुवात इथूनच. यातली पहिली गोष्ट चार्जिंग करंट, कारण बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. हिशोब करून बघा. बॅटरी ४८ व्होल्टची आणि चार्जिंग ६० अँपिअरवर ठेवलेलं आहे. ५४ व्होल्टला ते ३२४० वॅट झाले. चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर जनरेटरकडून ३६०० वॅट लागतील. चार्जरमध्ये पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी, किती भाग खरे वॅट म्हणून कामी येतो ते प्रमाण) सुधारणारं सर्किट नसेल आणि पॉवर फॅक्टर ०.७ च्या घरात असेल, तर हेच ५१०० व्हीएच्या वर जातं. म्हणजे घरातला एकही दिवा न लावता ५ केव्हीएचा जनरेटर भरून गेला. शिवाय इन्व्हर्टरने जनरेटर स्वीकारला की घराचा लोडही त्याच क्षणी त्याच्यावर येतो. करंट ३० अँपिअरवर आणा, तीच मागणी १८०० वॅट आणि सुमारे २६०० व्हीए होते. इंजिन दबत नाही, रिले सुटत नाही. बदल्यात जनरेटर दुप्पट वेळ चालवावा लागतो. या वाटेची खरी किंमत ती आहे, आणि इंधन महाग पडत असेल तर ती जाणवते.

दुसरी गोष्ट, इनपुट किती काटेकोरपणे तपासायचं ते. ॲक्सपर्ट या मॉडेलच्या धर्तीच्या बहुतेक इन्व्हर्टरांत प्रोग्रॅम ०३ मध्ये दोन पर्याय असतात : 'यूपीएस' म्हणजे १७० ते २८० व्होल्ट आणि 'एपीएल' म्हणजे ९० ते २८०. जनरेटरसाठी 'एपीएल' घ्या. वीज बदलायचा वेळ सुमारे १० वरून २० मिलिसेकंदांवर जातो, आणि एखादा नाजूक संगणक तेवढ्यात रीस्टार्ट होऊ शकतो, हे मात्र स्वीकारावं लागतं. व्हिक्ट्रॉन कंपनीच्या मल्टिप्लस इन्व्हर्टर-चार्जरमध्ये 'यूपीएस फंक्शन' बंद केलं की वेडीवाकडी वेव्हही (विजेच्या लहरीचा आकार) तो सहन करतो; 'वीक एसी इनपुट' सुरू केलं तर चार्जर अशा वेव्हवर नीट चालतो, पण चार्जिंग काहीसं कमी मिळतं. लोड वाढताना हळूहळू सावरणाऱ्या छोट्या इन्व्हर्टर जनरेटरसाठी (ज्याच्या आतच वीज सुधारून देणारा इन्व्हर्टर असतो) त्यात 'डायनॅमिक करंट लिमिटर' आहे. इनपुट करंटची मर्यादा ठरवता येत असेल तर ती जनरेटरच्या सलग क्षमतेच्या ७०-८० टक्क्यांवर ठेवा. पाटीवरचा मोठा आकडा कमाल क्षमतेचा असतो, तो धरू नका.

हायब्रिड (सौर, बॅटरी आणि ग्रिड एकत्र सांभाळणाऱ्या) इन्व्हर्टरवाल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. जनरेटर ग्रिडच्या टर्मिनलला जोडून ग्रिडला वीज परत पाठवायचं सेटिंग चालू राहिलं, तर सौरवीज उलटी जनरेटरमध्ये घुसते आणि अल्टरनेटर जळू शकतो. वेगळं 'जेन' टर्मिनल असेल तर तेच वापरा, नसेल तर इनपुटचा प्रकार 'जनरेटर' असा बदला.

दुसरी वाट : जनरेटर दुरुस्त करणं किंवा बदलणं

इथे जनरेटरचा प्रकार सगळं ठरवतो. एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारं सर्किट) असलेल्या साध्या जनरेटरचं दुखणं बरेचदा गव्हर्नरच्या स्प्रिंगमध्ये, तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये असतं. जाणकार मेकॅनिक वेग लावून देतो आणि काम संपतं. नवा घेण्याआधी ही सर्व्हिसिंग करून बघाच.

एव्हीआर नसलेला, कपॅसिटरवर व्होल्टेज सांभाळणारा स्वस्त ब्रशलेस जनरेटर मात्र वेगळा. चार्जरसारखा तुटक-तुटक करंट खेचणारा लोड आला की त्याची वेव्ह बिघडते, व्होल्टेज भलतीकडे जातं, आणि ते सुधारायला त्यात काही सोयच नसते. हीटरवर तो अगदी शहाण्यासारखा वागतो, त्यामुळे माणूस फसतो. असा जनरेटर असेल तर सेटिंगमध्ये आठवडे घालवू नका, सरळ तिसरी वाट धरा.

इन्व्हर्टर जनरेटरची वेव्ह सगळ्यात स्वच्छ असते आणि इंजिनाचा वेग बदलला तरी फ्रिक्वेन्सी हलत नाही. इन्व्हर्टर-चार्जर त्याला सहसा लगेच स्वीकारतो. इको मोड तेवढा बंद ठेवा, कारण लोड अचानक आल्यावर इंजिन वेग घेईपर्यंत व्होल्टेज खाली बसतं. मोठ्या घरासाठी १५०० आरपीएमचा चार पोलचा डिझेल जनरेटर टिकाऊ, पण तो नेहमी ३० टक्क्यांहून कमी लोडवर चालवला तर न जळलेलं इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठते. तिथे चार्जिंग करंट वाढवलेलाच बरा.

तिसरी वाट : जनरेटर आणि बॅटरीमध्ये वेगळा चार्जर

ही वाट लोक फारशी विचारात घेत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जनरेटर इन्व्हर्टरला जोडायचाच नाही. त्यावर एक स्वतंत्र बॅटरी चार्जर लावायचा, तो बॅटरी भरेल आणि घर नेहमीप्रमाणे इन्व्हर्टरवर चालेल. चांगले चार्जर ९० ते २६५ व्होल्टपर्यंत काहीही घेतात आणि फ्रिक्वेन्सी दोन-चार हर्ट्झ हलली तरी अडत नाहीत. घरातल्या उपकरणांना जनरेटरची घाणेरडी वेव्ह दिसतच नाही. सगळ्यात मोठा लाभ आकाराचा : पंप सुरू होतानाचा झटका बॅटरी आणि इन्व्हर्टर झेलतात, त्यामुळे जनरेटर घराच्या सरासरी मागणीपुरता असला तरी चालतं. २ किलोवॅटचा छोटा जनरेटर १५०० वॅटचा चार्जर शांतपणे ओढत राहतो.

तोटेही खरे आहेत. वीज दोनदा रूपांतरित होते. दोन्ही टप्प्यांत ९० टक्के धरले तर हाती ८१ उरतात. इन्व्हर्टर बिघडला तर जनरेटरची वीज आपोआप घरात येत नाही, त्यासाठी हाताने फिरवायचा चेंजओव्हर स्विच ठेवावा लागतो. लिथियम बॅटरी असेल तर चार्जरचं व्होल्टेज आणि कमाल करंट तिच्या बीएमएसला (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटला) मानवणारे हवेत, आणि चार्जरपासून बॅटरीपर्यंतच्या वायरीत बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

कुठलीही वाट घेतलीत तरी न्यूट्रल आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बऱ्याच छोट्या जनरेटरांचं न्यूट्रल अर्थला जोडलेलं नसतं. त्याची वीज थेट घरात गेली तर आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ऐन वेळी पडणार नाही. उलट जनरेटर आणि इन्व्हर्टर अशा दोन ठिकाणी जोड झाला तर तो कारण नसताना पडत राहील. जोड एका वेळी एकाच जागी हवा.

माझा कौल असा : एव्हीआरचा जनरेटर असेल तर सेटिंग आणि सर्व्हिसिंग, दोन्ही मिळून. कपॅसिटरचा असेल किंवा घराच्या मानाने लहान असेल तर वेगळा चार्जर. आणि नवा घ्यायचाच झाला, तर चार्जिंगचे वॅट अधिक त्या वेळचा घराचा लोड एवढी सलग क्षमता बघा. उंच डोंगरावर राहत असाल तर दर हजार मीटरला सुमारे १० टक्के वजा करून. पैसे देण्याआधी तुमचा इन्व्हर्टर-चार्जर त्या जनरेटरला जोडून अर्धा तास पूर्ण चार्जिंगवर चालवून दाखवायला सांगा.