मे महिन्यात मोजलेली सावली आणि दुसऱ्याच्याच गच्चीचा रिपोर्ट

२२ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी नवाच्या सुमारास मी हातात खडू घेऊन नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या घराच्या स्लॅबवर बसले होते. शेजाऱ्यांच्या जिन्यावरची खोली आणि तिच्या डोक्यावरची पाण्याची टाकी, दोन्हींची सावली आमच्या सोलर पॅनलवर पडली होती. सहापैकी चार पॅनल अंधारात. टाकीच्या झाकणाचा गोलसुद्धा काचेवर ओळखू येत होता. दर अर्ध्या तासाने मी सावलीची कड खडूने आखत होते आणि बाजूला वेळ लिहीत होते. पॅनल पूर्ण उन्हात यायला अकरा वाजून गेले.

हे सगळं मे महिन्यातच कळायला हवं होतं. ते कळू दिलं गेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

२७ मेला भर दुपारी सोलर कंपनीचा मुलगा सर्व्हेला आला. नागपूरचं मेमधलं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्याने टेप लावून लांबी-रुंदी घेतली, मोबाइलवर चार फोटो काढले आणि म्हणाला, "काकू, सावली झीरो आहे. सहा पॅनल आरामात बसतात. तुम्ही काई टेन्शन नका घेऊ." सावली खरोखरच नव्हती. असणार कशी? नागपूर साधारण २१.१५ अक्षांशावर आहे, आणि २६ मेच्या आसपास इथे शून्य सावली दिवस असतो. त्या दिवसांत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच राहते. जूनमध्ये तर तो डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो. म्हणजे दक्षिणेकडची कितीही उंच भिंत त्या वेळी निर्दोष दिसते. रोज पाच-सहा गच्च्या बघणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं मी मानत नाही.

डिसेंबरचा हिशेब साधा आहे आणि तो मेमध्येही करता येतो. २१-२२ डिसेंबरला नागपुरात दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणजे जेवढी उंची तेवढीच सावली. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती उंचीच्या जवळपास दुप्पट होते. सकाळी वायव्येकडे पडते, दुपारनंतर ईशान्येकडे. उंची मोजायची ती पॅनलच्या खालच्या कडेपासून वर. शेजाऱ्यांची टाकी आमच्या स्लॅबपासून १४ फूट उंच, आमच्या पॅनलची खालची कड ३ फुटांवर. फरक ११ फूट, त्याची दुप्पट २२. टाकी आमच्या आग्नेयेला आणि पहिलं पॅनल तिच्यापासून जेमतेम १० फुटांवर! पाचवीतल्या मुलालाही जमेल असं हे गणित आहे.

मी त्याला टाकीबद्दल विचारलं होतं, बरं का. तो म्हणाला, "हाफ-कट पॅनल आहेत काकू, सावलीनं फरक पडत नाही." हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच माणूस जास्त फसतो. हाफ-कट म्हणजे दोन वेगळ्या अर्ध्या भागांत जोडलेलं पॅनल. त्याचा फक्त वरचा किंवा फक्त खालचा अर्धा भाग सावलीत गेला, तर उरलेला अर्धा चालू राहतो. पूर्ण पॅनल सावलीत गेल्यावर हाफ-कट असून काय उपयोग?

स्लॅब टाकताना मजूर ओळीने उभे राहून घमेली पुढे देतात, ते आठवा. मधला एक जण थांबला की मागचे सगळे ताटकळतात. पॅनलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे तुकडे, असेच एका ओळीत जोडलेले असतात, आणि आमची सहाही पॅनल पुन्हा एकाच ओळीत. त्या थांबलेल्या मजुराला वळसा घालून वीज पुढे जावी म्हणून पॅनलमध्ये बायपास डायोड असतात, सहसा तीन. पण वळसा घातला की पॅनलचा तेवढा भाग त्या वेळेपुरता बाद. म्हणून हातभर सावलीने हातभरच नुकसान होतं, असं समजू नका.

आठवड्याने व्हॉट्सॲपवर आठ पानांचा रंगीत 'शॅडो ॲनालिसिस रिपोर्ट' आला. वर आमचं नाव, पत्ता, आणि ठळक अक्षरांत 'वार्षिक नुकसान ०.८ टक्के'. आम्ही तेवढंच वाचलं. एक लाख नव्वद हजारांचं काम, त्यातले ७८,००० पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान म्हणून आपल्याच खात्यात येणार. ते आलेही, त्यात काही खोट नाही.

पॅनल जुलैत बसले. पावसाळाभर ढगांमुळे काही समजलं नाही. ऑक्टोबरमध्ये रोज तेरा युनिट. दिवाळीनंतर आकडा घसरू लागला आणि डिसेंबरमध्ये साडेआठ-नऊवर आला. कंपनी म्हणाली, थंडीत कमीच होतं. मग म्हणाली, धूळ बसली असेल. मी दर रविवारी पॅनल धुतले. पण त्रिमूर्तीनगरला माझ्या नणंदेकडे तेवढ्याच क्षमतेचे पॅनल आहेत, आणि त्याच आठवड्यात तिच्याकडे रोज साडेबारा युनिट होत होते. थंडी काय फक्त मानेवाड्यात पडते? रोजची वीज दाखवणाऱ्या मोबाइल ॲपमधला तिचा आलेख सकाळपासून नीट चढत जाणारा, आमचा डाव्या अंगाने कुरतडलेल्या पोळीसारखा.

तेव्हा तो रिपोर्ट पुन्हा उघडला. तिसऱ्या पानावर गच्चीचा फोटो होता: काळी टाकी, लोखंडी रेलिंग. आमची टाकी पांढरी आहे आणि कठडा विटांचा. सूर्याच्या वाटेच्या आकृतीखाली बारीक अक्षरात अक्षांश होता १८.५. म्हणजे पुण्याकडची कुठली तरी गच्ची! फक्त पहिल्या पानावर आमचं नाव टाकलं होतं. त्या मुलाला फोन केला तर म्हणतो, "रिपोर्ट तर फॉर्मॅलिटी असते, काकू." नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. कंपनीने करारातली ओळ दाखवली, 'सावलीची जबाबदारी ग्राहकाची'.

खरा सर्व्हे झाला असता तर एक तर चारच पॅनल सुचवावे लागले असते, नाही तर उत्तरेच्या बाजूला उंच स्ट्रक्चर उभारावं लागलं असतं. पहिल्यात विक्री कमी, दुसऱ्यात लोखंडाचा खर्च जास्त. माझ्या मते खोटेपणाचं कारण एवढंच आहे.

तुमच्याकडे रिपोर्ट आला असेल तर आत्ताच उघडून अक्षांश बघा, फोटोतली टाकी तुमचीच आहे का ते बघा. सर्व्हेवाल्याला डिसेंबरच्या सकाळी नऊची आणि दुपारी तीनची सावली स्लॅबवर आखून दाखवायला सांगा, आणि पैसे देण्याआधी त्यावर सही घ्या. शेजारी मजला चढवणार आहेत का, हेही विचारून ठेवा. दक्षिणेकडचा कडुनिंब आज लहान असला तरी पाच वर्षांनी लहान राहणार नाही.

जानेवारीत आम्ही पदरचे २२,००० घालून सगळे पॅनल उत्तरेच्या बाजूला उंचावर हलवले. हलवण्याआधी खडूच्या रेघांचे वेळेसकट फोटो काढले, ॲपमधले रोजचे आकडे उतरवून घेतले. आता सव्वाबारा युनिट येतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, तेव्हा कंपनीचं लेखी उत्तर आलं: 'रिपोर्ट अनवधानाने जोडला गेला.' बावीस हजारांबद्दल त्यात एक अक्षर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. कागद तयार आहेत, याच महिन्यात अर्ज देते आहे.