हस्तिदंत की हाड? दहापट भिंग आणि यूव्ही टॉर्च, दोन्हींचा कस

जुन्या बाजारात किंवा घराच्या आवराआवरीत पिवळसर पांढरी बांगडी, डबी, फणी नाहीतर मूर्ती हाती लागली, की पहिला प्रश्न ठरलेला: हे हस्तिदंत, हाड की नुसतं प्लास्टिक? ओळखायला दोन साधनं विकत मिळतात. एक सराफ वापरतात ते दहापट भिंग, दुसरा यूव्ही, म्हणजे अतिनील उजेडाचा टॉर्च. एकाचेच पैसे असतील तर भिंग घ्या. टॉर्चचा नंबर दुसरा, आणि तोही बराच मागे.

भिंग घेताना ‘ट्रिपलेट’ मागा, म्हणजे तीन काचा जोडून केलेलं, साधारण १८ ते २१ मिलिमीटर व्यासाचं. दुकानातच आलेखाच्या कागदावर धरून बघा. कडेच्या रेषा वाकल्या किंवा त्यांना रंगीत किनार दिसली तर परत ठेवा. ‘३० पट’, ‘६० पट’ छापलेल्या स्वस्त भिंगांच्या नादी लागू नका. आकडा बहुधा फुगवलेला असतो आणि खरा असला तरी इतका छोटा तुकडा दिसतो की रेषांची दिशाच कळत नाही. कडेने दिवे बसवलेली भिंगंही या कामाला कुचकामी, कारण चारही बाजूंनी सपाट उजेड पडला की हाडाची छिद्रं बुजल्यासारखी होतात. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, वस्तू अडीच सेंटीमीटरवर आणायची आणि उजेड एका बाजूने तिरका सोडायचा.

बघायचं कुठे, हे बहुतेकांचं चुकतं. वस्तूची दर्शनी बाजू सोडा, आडवा छेद शोधा: डबीचा तळ, बांगडीची कड, मूर्तीची बैठक. हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, चटईच्या विणीसारखी. या श्रेगर रेषा. उभ्या बाजूला ही जाळी दिसतच नाही, तिथे फक्त नागमोडी समांतर छटा असतात. म्हणून ‘जाळी नाही, म्हणजे हस्तिदंत नाही’ हा निष्कर्ष घाईचा. गोव्यातल्या जुन्या हस्तिदंती ख्रिस्तमूर्तींचे हात बहुधा वेगळे कोरून बसवलेले असतात, कारण सुळ्याच्या जाडीत पसरलेले हात मावत नाहीत. अशा मूर्तीत पायाखालचा भाग आणि खांद्याचा सांधा आधी तपासावा.

हाडात जाळी नसते, रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात. आडव्या छेदात त्या काळसर ठिपक्यांसारख्या, उभ्या बाजूला बारीक ओरखड्यांसारख्या दिसतात. उंटाच्या हाडाचं काम चांगलं घासून, मेण भरून आलं तर ठिपके लपतात, तिरका उजेड लागतो तो इथेच. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या नकली हस्तिदंतात पट्टे असतात, पण वहीच्या रेघांसारखे सरळ आणि एकसारखे. इतकी शिस्त सुळ्यात नसते.

खरी कसोटी मॅमथची, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीवर्गीय प्राण्याची. सायबेरियातून निघणारे मॅमथचे सुळे ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाहीत, म्हणून हत्तीचा माल मॅमथच्या नावाने खपवायची पळवाट राहते. फरक श्रेगर रेषांच्या कोनात आहे. छेदाचा फोटो अगदी वरून काढा (तिरका काढला तर कोन बिघडतात), मोठा करून छापा, रेषा पट्टीने लांबवा आणि कोनमापकाने किमान पाच कोन मोजून सरासरी घ्या. ११५ अंशांच्या वर हत्ती, ९० च्या खाली मॅमथ. मधल्या पट्ट्यात दोघेही येतात, तिथे गप्प बसणं बरं. कोन फक्त बाहेरच्या कडेजवळचे मोजायचे. आत गाभ्याकडे हत्तीचेही कोन अरुंद होतात, आणि सगळ्यात जास्त फसगत यातच होते. आफ्रिकी आणि आशियाई हत्ती मात्र या पद्धतीने वेगळे करता येत नाहीत.

आता टॉर्च. तो ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि काळ्या फिल्टर काचेचा हवा. सर्रास मिळणारे स्वस्त टॉर्च ३९५ चे असतात. त्यांचा जांभळा उजेडच इतका पडतो की सगळंच जांभळं दिसतं. खोली अंधारी करा, डोळे दोन-तीन मिनिटं सरावू द्या, झोतात बघू नका. हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो. अडचण अशी की हाडही तसंच चमकतं आणि टॅग्वा नावाच्या ताडवर्गीय झाडाचं कठीण बीही. म्हणजे टॉर्च जेमतेम प्लास्टिक बाजूला काढतो, आणि प्लास्टिकमध्ये उजळवणारं रसायन असेल तर तेही नाही. त्याचा खरा उपयोग दुरुस्ती पकडायला: सांध्यातला डिंक, भरलेली लुकण वेगळ्या रंगात उठून दिसते. मॅमथच्या सुळ्यावर कधी कधी लोह-फॉस्फेटचे निळसर-हिरवे डाग असतात, तेही या उजेडात मखमली जांभळे दिसतात.

तापलेल्या सुईची युक्ती कुणी सुचवली तर हात जोडा. हस्तिदंत आणि हाड दोन्ही जळक्या केसांसारखेच वास मारतात, त्यामुळे निकाल लागत नाहीच, वस्तूला डाग मात्र कायमचा. आणि सेल्युलॉइड निघालं तर ते पेट घेतं.

भिंग वस्तू कशाची ते सांगतं. हत्ती कधी मारला गेला, हे नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत रेडिओकार्बन चाचणी लागते. शिवाय जुनी वस्तू म्हणजे विकायला मोकळी, हा समज चुकीचा आहे. भारतात देशांतर्गत हस्तिदंत व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने बंद झाला, १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंतही त्यात आला. आशियाई हत्तींत मोठे सुळे फक्त नरांना असतात, त्यामुळे शिकारी नरच टिपतात. केरळातल्या पेरियार अभयारण्यात हत्तींचं नर-मादी प्रमाण त्यानेच कोलमडलं होतं. घरात जाळी दिसणारी वस्तू सापडली तर तिचा फोटो विक्रीच्या ॲपवर टाकू नका. वारशाने आली असेल तर ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तिची नोंद द्यावी लागते.