पिकअपच्या हौद्याला स्प्रे लायनर: घरी मारलेला की मशीनवरचा? वापरानंतरचा अनुभव

स्प्रे लायनर म्हणजे हौद्याचा पत्रा वाचवायला गनने मारायचा रबरासारखा जाड थर. आमच्याकडे दोन बोलेरो पिकअप. एकीच्या हौद्यात बाटलीच्या किटने घरीच लायनर मारला, दुसरीचा मशीनवर मारून घेतला. दोन्ही गाड्यांचा नागपूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. एकीवर कळमना बाजारातले संत्र्याचे क्रेट, दुसरीवर सिमेंटचे कट्टे, अँगल, पाइप आणि मधूनमधून कन्हान नदीची रेती. आमचं मत आधीच सांगतो: गाडी नवी असेल आणि हौद्याला गंज नसेल तर मशीनवरचा लायनर घ्या. गाडी जुनी असेल तर घरी मारा. पैशांचा विचार त्यानंतर.

मशीनवर मारलेला पॉलियुरिया, म्हणजे दोन रसायनं मिसळून होणारा रबरी थर, 2 ते 3 मिलिमीटर जाड बसतो. पत्रा खाली निरोगी असेल तर तो वर्षानुवर्षं हलत नाही. पण खाली गंज शिल्लक राहिला तर तो आतल्या आत पसरतो आणि वरून काहीच दिसत नाही. कळतं तेव्हा पत्रा खालून पोखरलेला असतो. हा थर काढायचा म्हणजे हीट गन आणि पटाशी घेऊन बसावं लागतं, ग्राइंडरची चकती रबराने भरून जाते. घरचा थर दोन हात मारूनही एक मिलिमीटरच्या आतच असतो. गंज आला की तो फुगतो, पोपडा निघतो, म्हणजे निदान दिसतो. तेवढा भाग 80 नंबरच्या सँडपेपरने घासा, प्रायमर द्या, ब्रशने पुन्हा लावा, काम झालं. जुन्या गाडीला असाच थर परवडतो.

घरी मारायचं असेल तर हिशोब नीट करा. हौदा साधारण 9 बाय साडेपाच फूट, तळ सुमारे 50 चौरस फूट, बाजू आणि फाळका धरून 90च्या वर जातो. रॅप्टरसारख्या किटमध्ये चार बाटल्या येतात. प्रत्येकीत 750 मिली माल, त्यात वरून 250 मिली हार्डनर (माल घट्ट करणारं रसायन) घालायचं, म्हणजे 3:1. एका बाटलीत एका हाताला 30 चौरस फुटांच्या आसपास जागा होते. दोन हातांना सहा-सात बाटल्या लागतात. चार बाटल्यांत भागवायला गेलं की दुसरा हात तळाला पातळ पडतो, आणि झीज तर तिथेच सगळ्यात जास्त.

खरी मेहनत घासण्यात आहे. साबणाने नव्हे, डिग्रीझरने धुवा. डिझेल, ग्रीस आणि पॉलिश राहिलं तर रंग तिथून पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. गंजावर वायर व्हील फिरवा, उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर मारा, जुन्या रंगाची चमक 180 नंबरने पूर्ण मारा. नखाने खरवडून निघणारा रंग तसाच ठेवू नका, लायनर त्या रंगासकट निघून येतो. पत्र्याच्या सांध्यांत सीम सीलर भरा. संत्र्याच्या गाडीत हे विसरून चालत नाही, कारण चेंगरलेल्या फळाचा आंबट रस सांध्यात मुरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. साखळ्या, हूक, फाळक्याचे बोल्ट काढा, पाणी जायची भोकं टेपने झाका आणि टेप माल ओला असतानाच ओढा. वाळल्यावर ओढली तर काठ फाटतो.

बाटली हार्डनर घालून दोन मिनिटं जोरात हलवा. कॉम्प्रेसरचा दाब 40 ते 60 पीएसआय, गन पत्र्यापासून 40-50 सेंटिमीटर लांब. दाब कमी आणि गन जवळ ठेवली की दाणा, म्हणजे थराचा खरखरीतपणा, जाड येतो, उलट केलं की बारीक. आमच्या मते तळाला मध्यम दाणा ठेवावा. जाड दाणा दिसायला दणकट, पण प्लास्टिकची पोती त्यावर घासून फाटतात. दुसरा हात साधारण तासाभराने. जड माल आठवडाभर तरी भरू नका.

नागपुरात मुहूर्त महत्त्वाचा. मिसळलेला माल 20 अंशांवर तासभर चालतो, मे महिन्याच्या उन्हात मात्र पंधरा-वीस मिनिटांत बाटलीतच घट्ट व्हायला लागतो. तापलेल्या पत्र्यावर वरची कातडी आधी धरते, आतलं सॉल्व्हंट अडकतं आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. पावसाळ्यातही नको. हार्डनरमधलं आयसोसायनेट ओलाव्याशी वायू तयार करतं, त्याचे बुडबुडे धरतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर, सावलीत मारा. आणि कागदी मास्क घालून हे काम करू नका. आयसोसायनेटमुळे कायमचा दमा लागू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क सगळ्यात चांगला; निदान ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (रसायनांची वाफ अडवणारा) आणि कण अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क, चष्मा, हातमोजे आणि मोकळी जागा हवीच. लहान मुलं आणि शेजारची उघडी दारं यांपासून लांब.

आता मशीनवाले. इथे डोळे उघडे ठेवा. ‘प्रोफेशनल’ म्हणून पैसे घेऊन आत तीच बाटली आणि तीच गन वापरणारेही भेटतात. आम्हाला पहिली विचारणा केली तिथे नेमकं हेच दिसलं. खऱ्या पॉलियुरियाला दोन ड्रम, गरम होणारे पाइप आणि प्रपोर्शनर, म्हणजे दोन्ही भाग ठरल्या प्रमाणात ढकलणारं यंत्र, लागतं. दोन भाग 1:1 प्रमाणात, साधारण 65 अंशांवर आणि 2000 पीएसआयच्या आसपास गनच्या टोकाशी मिसळतात, आणि थर काही सेकंदांत धरतो. मशीन दाखवायला सांगा. दर चौरस फुटाला घ्या, पण जाडी मिलिमीटरमध्ये बिलावर लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना पाणी जायच्या भोकाच्या काठाशी वाका, तिथे थर कापलेला दिसतो, पट्टी लावून मोजता येतो. कोपऱ्यांत अंगठ्याचं नख दाबून पाहा. चिकट किंवा मऊ लागलं तर प्रमाण बिघडलं आहे, तो भाग पुढेही कडक होणार नाही. आणि घासकाम सुरू असताना स्वतः जाऊन या, कारण थर बसल्यावर खाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

वापरातला फरक. घरच्या थराची झीज पहिल्यांदा पत्र्याच्या उंच पट्ट्यांच्या माथ्यावर आणि फाळक्याजवळच्या काठावर आली. उंच कडेवर थर मुळातच पातळ बसतो, आणि क्रेट ओढले जातात तेही तिथूनच. मशीनच्या थरावर पाइपचे ओरखडे आहेत, पण पत्र्यापर्यंत एकही पोचलेला नाही. रिकामी गाडी खड्ड्यांतून जाताना आवाजही बराच कमी येतो. रंग मात्र फिकटला आहे. साधा ॲरोमॅटिक पॉलियुरिया उन्हात राखाडी पडतो; ताकद टिकते, पण काळेपणा हवा असेल तर वरून ॲलिफॅटिक टॉपकोट, म्हणजे उन्हात रंग टिकवणारा वरचा थर, आधीच सांगून घ्या. घरच्या किटचा रंग अजून बरा आहे.

हमालांची तक्रार दोन्ही गाड्यांवर एकच: “भाऊ, कट्टा सरकतच नाही.” रबरी तळावर ओढता येत नाही, उचलावंच लागतं. त्यांच्यासाठी तळावर मधोमध प्लायची गुळगुळीत फळी टाकली, माल तिच्यावरून सरकवतात. सिमेंटची भुकटी मात्र दाण्यांत बसते. पाणी पडायच्या आत झाडून घ्या, एकदा घट्ट झाली की ब्रशला दाद देत नाही.

रोज रेती-गिट्टी भरणाऱ्यांना दोन्ही लायनर पुरणार नाहीत. फावड्याची धार एकाच जागी सतत घासते आणि तीन मिलिमीटरसुद्धा कापून काढते. त्यांनी तळाला चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा) टाकावी, बाजूंना लायनर मारावा, आणि प्लेट बसवायच्या आधी तिच्या खालच्या पत्र्याला एपॉक्सीचे दोन हात द्यावेत.